एक वीत बांध

शेताच्या हद्दीचा तंटा ज्येष्ठ महिन्यात सोडवावा, असं मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलं आहे. कारण व्यवहारी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी गवत करपून गेलेलं असतं, बांध उघडा पडतो, खुणा दिसतात. त्या ग्रंथाशी माझं बाकी काही जमत नाही. पण तालुक्याच्या मोजणी कचेरीत भूकरमापक म्हणून हयात घालवल्यावर हा एक सल्ला पटतो. उभ्या उसात साखळी ओढून बघा म्हणजे तुम्हालाही पटेल. फक्त ज्येष्ठ हाच डोकी फुटण्याचाही महिना आहे, हे त्यात लिहिलेलं नाही. मृगाच्या तोंडावर कुळव घेऊन माणूस बांधाला भिडतो, आणि शेजाऱ्यानं वर्षभरात बांध किती कोरला ते त्याला तेव्हाच दिसतं.

त्याच अध्यायात हद्दीच्या खुणांची यादी आहे. वड, पिंपळ, पळस, सावर अशी झाडं लावावीत, तळी आणि देवळं हद्दीवर बांधावीत. एवढ्यावर थांबलेलं नाही. हाडं, तूस, राख, खापऱ्या, विटा, कोळसे, वाळू असं जे मातीत लवकर जिरत नाही ते जमिनीत पुरून ठेवावं, असंही सांगितलं आहे. म्हणजे वर दिसणारी खूण शेजारी हलवणारच, हे दोन हजार वर्षांपूर्वीच धरून चाललेलं होतं. साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्रं नेसून, लाल फुलांच्या माळा घालून शपथ घ्यायची. सीमावाद हे धर्मशास्त्रातल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. चोरी, कर्ज, वारसा यांच्या पंगतीत बांधालाही पान वाढलेलं आहे.

मराठेशाहीत असा वाद गोतसभेपुढे जाई. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, जरूर पडली तर शेजारच्या गावचे पाटील बसत. दोन्ही बाजूंचं ऐकून निकालाचा कागद होई, तो महजर. लिहिता न येणारे त्यावर आपापली निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, लोहाराचा हातोडा. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरच्या १९५३ च्या ग्रंथात हे सगळं सविस्तर आलेलं आहे. साक्षी-पुराव्यानं निभलं नाही तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा, मग हात पिशवीत बांधून वर मोहोर करायची आणि काही दिवसांनी सगळ्यांसमक्ष उघडून बघायचं. हात भाजला नसेल तर तो खरा. दोन गावांच्या शिवेचा वाद असला की कुणीतरी शपथ घेऊन, डोक्यावर माती घेऊन हद्द चालून दाखवायची. ठरलेल्या मुदतीत त्याच्यावर किंवा त्याच्या घरावर काही आपत्ती आली नाही तर ती हद्द पक्की.

ही चालण्याची वेळ बहुतेकदा महारावर येई. शीव कुठून कुठं जाते हे त्याला ठाऊक असणं त्याच्या गावकामाचाच भाग होता, आणि वादात त्याचा शब्द प्रमाण धरत. शाळेच्या पुस्तकांत हे मोठ्या अभिमानानं सांगतात, बघा गावगाड्यात त्यालाही मान होता. मला त्यात मान कमी आणि जोखीम जास्त दिसते. ज्या जमिनीची हद्द तो चालायचा तीत त्याचं काही नसे. त्याच्या वाट्याला हाडकी-हाडवळ्याचं वतन, आणि ते पिढ्या वाढतील तसं फाटत गेलेलं. शपथ खोटी ठरली तर कोप त्याच्या घरावर, आणि खरी ठरली तर गुंठे पाटलाचे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतन कायदा सुधारायचं विधेयक आणलं तेव्हा या गावकीच्या कामांचाच हिशेब मांडला होता. ती वतनं संपायला १९५८ चा कायदा यावा लागला. तेव्हा जुनी पद्धत चांगली होती असं म्हणायचं मला धाडस होत नाही. पण तिच्यात एक गोष्ट होती. वाद मिटला हे सगळ्या गावानं डोळ्यांनी पाहिलेलं असे, आणि दुसऱ्या दिवशी बांध कोरणाऱ्याला नुसत्या शेजाऱ्याशी नव्हे, निशाणी काढलेल्या वीस जणांशी उभा दावा मांडावा लागे.

मग साखळी आली. पेशवाई बुडाल्यावर पुणे भागात प्रिंगलसाहेबांनी केलेली पहिली पाहणी फसली. आकार भलताच बसला आणि गावंच्या गावं ओस पडायला लागली. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्यानं सुरुवात केली, १८४७ च्या संयुक्त अहवालानं त्या कामाचे नियम बांधले, आणि पुढं मुंबई इलाखाभर तीच पद्धत गेली. प्रत्येक शेताला नंबर, प्रत्येक नंबराला दगड, मातीची प्रतवारी आण्यांत आणि सारा तीस वर्षांसाठी कायम. सरकारला हवा होता सारा. बांध कुणाचा हे ठरवणं हे त्यातलं आडपीक होतं. एका नंबरात चार भाऊ कसत असले तरी साऱ्याला जबाबदार एक नाव पुरत होतं. आतल्या वाटण्या कागदावर यायला १९०३ चा हक्कनोंदणीचा कायदा लागला, आणि पोटहिस्से मोजून नकाशावर घेण्याचं काम तर कित्येक गावांत आजही अपुरंच आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, नकाशावर रेघ नसते. माझ्या टेबलावर आलेल्या भांडणांतली निम्मी तरी या एका उणिवेतून जन्मलेली असत.

त्या साखळीबद्दल थोडं सांगतो, कारण हल्लीच्या पोरांनी ती पाहिलेली नाही. साखळी ३३ फुटांची. तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हिशेब इतका सुबक की अडाणी म्हातारेसुद्धा बोटांवर करत. जुन्या टिपणांत शेताच्या बाजू साखळी-आण्यांत लिहिलेल्या आहेत. आता सोळानं भागून पाहा. एक आणा म्हणजे दोन फुटांहून थोडा जास्तच. ज्यानं टिपण लिहिलं त्यानं अर्ध्या आण्याखालचं सोडून दिलं तर तो फूटभर जमीन हवेत सोडत होता, आणि साऱ्याच्या दृष्टीनं त्यात काहीच बिघडत नव्हतं.

आणि बांधाचं भांडण असतं एका वितीचं. वीत म्हणजे नऊ इंच. नांगराचं एक तास.

चार एकरांचा चौकोनी तुकडा घ्या. त्याची बाजू साधारण ४१७ फूट. शेजाऱ्यानं त्या बाजूनं सबंध एक वीत दाबली तर जाते ३१३ चौरस फूट, म्हणजे गुंठ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. जोंधळा किती होईल त्यात? पायली-दोन पायली. पण कुठल्याही शेतकऱ्याला हा हिशेब सांगून बघा. तो म्हणेल, साहेब, यंदा एक वीत, पुढल्या वर्षी आणखी एक, माझ्या नातवाला काय उरेल? या उत्तरात तथ्य आहे. बांध कोरणारा दरवर्षी एकच तास घेतो. औत होतं तोवर बैल बांधाला घसटून चालत नसे म्हणून थोडी कड आपोआप सुटायची. ट्रॅक्टरला तसली भीड नाही.

बांध वाढतात कसे तेही बघण्यासारखं आहे. आपल्याकडे वाटणी सरस-निरस होते. ओढ्याकडची काळी एकाला आणि माळाकडचा मुरूम दुसऱ्याला असं कुणी मान्य करत नाही, मग प्रत्येकाला माळापासून ओढ्यापर्यंत एक लांबट पट्टी. त्याच चार एकरांत चार भाऊ आले की तीन नवे बांध. प्रत्येकाला दोन मुलगे झाले की आठ पट्ट्या, सात बांध, प्रत्येक ४१७ फुटांचा. पट्टीची रुंदी ५२ फूट आणि एकूण बांध अर्ध्या मैलाहून जास्त. न्यायानं केलेल्या वाटणीनं भांडणाची लांबी एवढी वाढवून ठेवलेली असते. १९४७ चा तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा यावरच काढलेला उपाय होता. त्यातून गट नंबर आले. पण कागदावर तुकडा इकडचा तिकडे गेला आणि वहिवाट जागच्या जागी राहिली, असंही पुष्कळ ठिकाणी झालं. छोट्या तुकड्याची वाटणी कायद्यात बसेना म्हणून लोक तोंडी वाटून मोकळे झाले. तोंडी वाटणीचा साक्षीदार म्हणजे म्हातारा बाप. तो गेला की पुरावाही सरणावर.

एका फाइलची हकिकत सांगतो. गाव सांगत नाही, नावं नाहीत. दोघे चुलतभाऊ, एकाच आजाच्या सोळा एकरांतले. थोरल्या घरचा आणि धाकट्या घरचा म्हणू. मोजणीच्या अर्जासोबत अर्जदारानं जुन्या तक्रारींच्या नकला जोडल्या होत्या. कचेरीत कुणी त्या वाचत नाही. मला सवय होती. तारीखवार लावल्यावर दिसलं ते असं.

सगळ्यात खालचा कागद तलाठ्याला दिलेला अर्ज. बांधावरच्या कडुनिंबाचं सावट पडून जोंधळा खुरटतो, फांद्या तोडायला सांगावं. दोन्ही घरं तोवर एकमेकांच्या लग्नात अक्षता टाकत होती. अर्जात धाकट्यानं थोरल्याचा उल्लेख "आमचे बंधू" असा केलेला आहे. पुढच्या कागदात "सदर इसम" आला. शेळीनं मका खाल्ला. मग बांधावरचं गवत कुणी कापायचं. मग थोरल्यानं पाइपलाइन नेताना बांध उकरला. कालव्याचं पाणी आलं आणि दोघांनी ऊस लावला त्या साली कागद एकदम दाट झाले, कारण उसाच्या शेवटच्या सरीला आता किंमत आली होती. धाकट्यानं बांधावर बाभळीच्या काट्या टाकून थोरल्याची वाट अडवली. थोरला मामलेदार कोर्ट कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदारांकडे गेला. १९०६ चा तो कायदा, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो, तो त्यानं लावला आणि जिंकला. काट्या निघाल्या. त्याच आठवड्यात दोन्ही जावांची विहिरीवर झोंबाझोंबी झाली.

इथून कागदांचा रंग बदलतो. पोलीस ठाण्यातली अदखलपात्र नोंद, तिच्या उत्तरादाखल दुसऱ्या बाजूची तसलीच नोंद. "शिवीगाळ केली व पाहून घेतो असे म्हणाला." अदखलपात्र म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत, कागद मिळतो आणि घरी जायचं. लोकांना तो कागद विजयाचा दाखला वाटतो. एकानं घेतला की दुसऱ्याला घ्यावाच लागतो. मग १०७ व्या कलमाची चॅप्टर केस, दोघांनाही तहसीलदारांपुढं शांतता राखण्याचा जामीन. तारखेला दोघे एकाच एसटीनं तालुक्याला जात, एक पुढच्या दारानं चढे, एक मागच्या. हे मला त्या गावच्या कोतवालानं सांगितलं. इतक्या कागदांवर इतक्या अधिकाऱ्यांचे शिक्के होते, पण बांधावर जाऊन उभा राहिलेला त्यात एकही नव्हता.

मग हद्द कायम मोजणीचा अर्ज, म्हणजे मी. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा, पंच, ठरल्या दिवशी पोलीस बंदोबस्त. साखळीचं एक टोक थोरल्याच्या पोरानं धरलं, दुसरं धाकट्याच्या. ही माझी पद्धत होती. दोघांचे हात साखळीला लागलेले असले की "साहेबानं ओढून धरली" असं नंतर कुणाला म्हणता येत नाही. दुपारपर्यंत निकाल डोळ्यांपुढं आला. माळाकडच्या टोकाला थोरला दीड-दोन वीत आत आलेला होता. ओढ्याकडच्या टोकाला धाकटा तितकाच तिकडे सरकलेला. मधे कुठंतरी बांध खऱ्या रेघेला छेदून गेला होता. क्षेत्र दोघांचंही जवळपास भरत होतं. बांध वाकडा झाला होता, एवढंच.

मला वाटलं, सुटलं. पण त्या दोघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि उलटंच दिसलं. इतकी वर्षं दोघांनीही गावाला सांगितलं होतं की समोरचा चोर आहे. आता साखळी सांगत होती की दोघेही चोर, किंवा कुणीच नाही. हे कुणालाच नको होतं. धाकटा म्हणाला, "साहेब, माळाकडचं बरोबर मोजलंत, वढ्याकडं साखळी ढिली पडली." थोरल्याचं म्हणणं नेमकं याच्या उलट. चुना टाकला, दगड रोवले, जबाब लिहिला. दोघांनीही सही केली नाही. हा शेरा लिहून मी निघालो.

पावसाळ्याआधी ओढ्याकडचे दोन दगड उपटले गेले. कुणी उपटले ते कोर्टातही शेवटपर्यंत ठरलं नाही. सरकारी हद्दीची खूण हलवणं हा दंडसंहितेत स्वतंत्र गुन्हा होता, ४३४ वं कलम, वर्षापर्यंत कैद. ते कलम लावलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. थोरला स्वतःच पहार घेऊन दगड पुन्हा रोवायला गेला. धाकटा दोन मुलांसह पेरत होता. सुरुवात ढकलाढकलीनं झाली. धाकट्याचा थोरला मुलगा, साखळीचं टोक धरणारा तोच, त्या पहारीच्या घावानं जागीच गेला. वय वीसच्या आतबाहेर.

खटल्यात नकाशा शाबित करायला मला साक्षीला बोलावलं. बचावाच्या वकिलांनी बराच वेळ साखळी-आण्यांवर घालवला, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता: टिपणातल्या मापाला जेवढी सैल जागा आहे, जवळपास तेवढ्याच रुंदीवरून हे घडलं होतं. त्यातून त्यांना काय साधायचं होतं ते मला कळलं नाही, न्यायाधीशांनाही कळलं नसावं. थोरल्याला जन्मठेप झाली. दोन्ही पट्ट्या काही वर्षं पड राहिल्या आणि मग एकाच तिऱ्हाइतानं दोन्ही विकत घेतल्या. त्यानं पहिलं काम केलं ते ट्रॅक्टर घालून मधला बांध मोडायचं.

लोक म्हणतात, वितीभर जमिनीपायी खून झाला. मला ते मान्य नाही. वितीभर जमिनीपायी कुणी पहार उचलत नाही. त्या फाइलीतला प्रत्येक कागद पाहिला तर तक्रार क्षुल्लकच आहे, सावट, शेळी, गवत. पण प्रत्येक कागदानं समोरच्याला गावाबाहेरच्या कुणापुढं तरी गुन्हेगार म्हणून उभं केलं होतं, आणि तो कुणीतरी शिक्का मारून जेवायला निघून गेला होता. गोतसभा निदान जेवायला तिथंच असे.

गावाच्या आत गोतसभेची ही जागा पुन्हा तयार करायचा एक सरकारी प्रयत्न झाला. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तिची टिंगल खूप झाली. अध्यक्षपदासाठीच तंटे झाले, बक्षिसाच्या आशेनं कज्जे कागदावर मिटवले गेले. हे सगळं खरं आहे. तरी माझ्या तालुक्यात बांधाची काही भांडणं त्या समितीनं खरोखर मिटवली, आणि जिथं मिटली तिथं समितीतले लोक चावडीत न बसता शेतावर गेले होते. एका ठिकाणी त्यांनी वादाचं झाड तोडून त्याचं लाकूड शाळेला दिलं. कायद्यात याला आधार नसेल. पण झाड गेलं, सावट गेलं आणि लाकूड दोघांपैकी कुणालाच मिळालं नाही, यात दोघांचंही समाधान होतं.

३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं सलोखा योजना आली. एकाच्या नावावरची जमीन दुसऱ्याच्या कब्जात आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिल्याच्या कब्जात, असं किमान बारा वर्षं चाललेलं असेल तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार रुपये. एकत्रीकरणानं घातलेल्या घोळावर इतका स्वस्त उपाय आधी कुणी काढला नव्हता. अडचण एकच, दुय्यम निबंधकापुढं दोघांनी मिळून जावं लागतं. ज्यांना ते जमतं त्यांचं भांडण बरंचसं आधीच मिटलेलं असतं.

आता साखळी गेली. फलक यंत्र गेलं, टोटल स्टेशनही जुनं झालं. माझ्या जागेवर आलेला मुलगा रोव्हर घेऊन जातो. आकाशातून सेंटिमीटरची अचूकता मिळते आणि आम्हाला दिवस लागायचा ते काम घटकाभरात होतं. साखळी धरायला कुणाची पोरं लागत नाहीत. दोन्ही बाजू लांब उभ्या राहून यंत्राकडं बघतात. मात्र यंत्रानं गाठायची ती रेघ आण्यांत लिहिलेल्या टिपणावरूनच आलेली असते. हे तो मुलगा त्यांना समजावून सांगतो, चांगलं सांगतो, पण सेंटिमीटर ऐकल्यावर पुढचं कुणी ऐकत नाही. पूर्वी माणसं वितीसाठी भांडत, आता चार बोटांसाठी निमताना मोजणीचा, म्हणजे मोजणीवरच्या अपिलाचा, अर्ज पडतो.

जबाबाचा नमुना अजून बराचसा तोच आहे. खाली लगतच्या कब्जेदाराच्या सहीची जागा असते. माझ्या जागेवरच्या त्या मुलानं मला परवा त्या दिवसाच्या मोजणीचे कागद दाखवले. ती जागा मोकळी होती आणि शेजारी त्याच्या हातचं वाक्य होतं, "लगत कब्जेदार हजर, मोजणी पाहिली, सही करण्यास नकार."